थायमसची गाठ: स्लाइड लावण्याआधी

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छातीतल्या, थायमसच्या (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीच्या) गाठीची सुई-बायोप्सी आली आहे, थायमोमाचा (थायमसच्या एपिथेलियल पेशींच्या गाठीचा) प्रकार बी1 लिहू की बी2, असं तू विचारलंस. पण पेशंटचं वय काय, गाठ किती दिवसांत वाढली, सीटीत ती नेमकी कुठे आहे, यातलं काहीच कळवलं नाहीस. रिक्विझिशनवर (तपासणीच्या मागणीच्या कागदावर) नुसतं ‘मीडियास्टायनल मास’, म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधली गाठ, एवढंच लिहून आलं असेल, तर आधी वॉर्डात फोन कर. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक येतात, शिवाय सावंतवाडी-दोडामार्गकडचेही. बाहेरून फक्त ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आला असेल, तर सीटीची फिल्म मागवून घे. थायमसच्या गाठीत निम्मं निदान स्लाइडच्या बाहेर असतं, असं माझं ठाम मत आहे.

वयाचं का म्हणतो ते सांगतो. थायमोमा हा बहुधा चाळिशी ते सत्तरीतला आजार. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल आणि काही आठवड्यांतच दम लागून चेहरा सुजला असेल, तर पहिला संशय टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा (कोवळ्या टी-पेशींच्या, झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरचा) घ्यायचा. आणि इथेच फसगत होते. बी1 थायमोमात गर्दी असते ती कोवळ्या टी-पेशींची. त्या टीडीटी पॉझिटिव्ह, सीडी1ए पॉझिटिव्ह (दोन्ही कोवळ्या टी-पेशींच्या खुणा), केआय-67 (पेशी वाढत असल्याची खूण) भरपूर. लिम्फोमातही हेच दिसू शकतं. टीडीटी पाहून लिम्फोमा म्हटलंस तर पेशंटला नको ती किमोथेरपी मिळेल. थायमोमा म्हटलंस आणि लिम्फोमा निघाला, तर मोलाचा वेळ जाईल. म्हणून आधी केराटिनचा रंग लाव, तो एपिथेलियल (अस्तराच्या जातीच्या) पेशी दाखवतो. थायमोमात एपिथेलियल पेशींचं जाळं टिकून असतं. लिम्फोमात ते तुटतं, आणि पेशी चरबीत मोकाट पसरतात. लहान मुलाचा नॉर्मल थायमससुद्धा छोट्या तुकड्यात हुबेहूब बी1 दिसतो, हेही ध्यानात असू दे. तरुण पुरुष असेल, तर एएफपी आणि बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या बायोप्सीआधीच झालेल्या बऱ्या. त्यांतून कळणारा जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींची गाठ) त्याच जागेत होतो.

जमलं तर पेशंटला स्वतः भेट. कोकणीतून दोन-तीन प्रश्न पुरतात: एकाचे दोन दिसतात का, संध्याकाळी पापण्या खाली येतात का, जेवताना चावून चावून जबडा थकतो का. थायमोमाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पेशंटना मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असतो. उत्तर ‘नाही’ आलं, तरी असिटिलकोलिन रिसेप्टरच्या अँटिबॉडी (मायस्थेनियाची रक्ततपासणी) तपासल्यात का, हे सर्जनला विचार. निदान न झालेला मायस्थेनिया भुलीच्या वेळी जिवावर बेतू शकतो. हे विचारणं पॅथॉलॉजिस्टचं काम नाही असं कुणी म्हणालं, तर म्हणू दे. हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर थायमोमासोबत येणारा प्युअर रेड सेल अप्लेझिया (तांबड्या पेशीच न बनण्याचा आजार) आठव.

आता टाइपचं. कॉलेज पणजीच्या जुन्या इमारतीत होतं तेव्हा आम्ही ‘लिम्फोसायटिक’, ‘मिक्स्ड’, ‘स्पिंडल सेल’ असं लिहायचो. ए, एबी, बी1, बी2, बी3 ही अक्षरं डब्ल्यूएचओने 1999 साली आणली. ती कामाची आहेत, पण सुईच्या तुकड्यावर बी1 की बी2 यावर भांडू नकोस. एकाच गाठीत दोन-तीन प्रकार असतात आणि सुई त्यातला एकच कोपरा आणते. ‘थायमोमा, टाइप अख्ख्या गाठीवर ठरवावा’ एवढं लिहिलंस तरी पुरे. कार्सिनोमाचा (थायमोमाहून आक्रमक कॅन्सरचा) संशय मात्र स्पष्ट लिही. एपिथेलियल पेशींवर सीडी5 आणि सीडी117 या खुणांचा रंग आला तर ते थायमसच्या स्क्वेमस कार्सिनोमाच्या बाजूने जातं. फक्त सीडी5 टी-पेशींवरही असतंच, तेव्हा रंग नेमका कुणावर बसलाय ते नीट बघ.

अख्खी गाठ येईल तेव्हा खरं काम ग्रॉसिंगच्या (गाठ बघून, कापून तुकडे घेण्याच्या) टेबलावर. फॉर्मलिनमध्ये लोळत पडलेल्या गोळ्याची पुढची बाजू कुठली, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सर्जनने ऑपरेशन थिएटरातच पेरिकार्डियमची (हृदयाच्या आवरणाची) बाजू, इनॉमिनेट व्हेनची (छातीतल्या मोठ्या शिरेची) बाजू, प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) दोऱ्याने खुणावून पाठवायला हवं. नसेल पाठवलं, तर सर्जनलाच टेबलापाशी बोलाव, चहा पाज, पण कडांना शाई लावण्याआधी बोलाव. स्टेज ठरवण्याच्या मसाओका-कोगा पद्धतीत गाठ कॅप्सूलच्या (तिच्या वेष्टणाच्या) आरपार गेली का याला महत्त्व आहे. टीएनएम या दुसऱ्या पद्धतीत मात्र कॅप्सूल फुटून आजूबाजूच्या चरबीत गेली तरी ती टी1 मध्येच राहते. मीडियास्टायनल प्लुरात शिरली तर आठव्या आवृत्तीत टी1बी धरायचे, नवव्या आवृत्तीत टी1ए की टी1बी हे गाठीच्या आकारावर ठरतं. पेरिकार्डियममध्ये शिरली तर टी2. म्हणजे पेरिकार्डियम कुठे चिकटलं होतं हे न कळताच ब्लॉक घेतलेस, तर स्टेज अंदाजपंचे ठरणार.

मिश्र गाठ असेल तर प्रत्येक प्रकार दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने लिही, जास्त असेल तो आधी. कार्सिनोमाचा अंश असेल, तर तो कितीही थोडा असो, पहिल्या ओळीत.

आणि रिपोर्टात ‘बिनाइन थायमोमा’ लिहू नकोस, सर्जनने कितीही आग्रह केला तरी. टाइप ए सुद्धा क्वचित पसरतो, आणि दहा वर्षांनी प्लुरावर गाठी आलेले पेशंट असतात. त्यांचे जुने ब्लॉक तेव्हा मागितले जातात, म्हणून रजिस्टरमधली नोंद नीट ठेव.

रविवारी सकाळी फोन कर. बाजार आटोपून दहापर्यंत मी फोंड्याला घरीच असतो.

तुझे सर