खेळाडू म्हणून नाव नसलेला माणूस व्यावसायिक बास्केटबॉल प्रशिक्षक होऊ शकतो का? आइसलँडमध्ये असे प्रशिक्षक आहेत म्हणतात, ते खरं का? आणि तिथले कोर्स कसे असतात?

होऊ शकतो. एवढ्यावर थांबलो असतो, पण हाच प्रश्न २०११ साली नागपुरात मला एकाने विचारला होता आणि त्याला उत्तर ऐकायचं नव्हतं.

आधी तुमचा माणूस. तुम्ही नाव दिलेलं नाही, पण रोख बहुधा फिनूर फ्रेयर स्तेफाउन्सनवर असावा. (स्तेफाउन्सन हे आडनाव नव्हे, स्तेफाउनचा मुलगा. आपण वडिलांचं नाव मधे घालतो, ते शेवटी घालतात आणि आडनावाची कटकटच ठेवत नाहीत.) खेळाडू म्हणून त्याचं कौतुक कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, रेक्याविकच्या केआर क्लबचा पुरुषांचा संघ त्याच्या हाती आला. २०१४ ते २०१८, सलग पाच वर्षं केआर राष्ट्रीय विजेते. मग डेन्मार्कच्या होर्सन्समध्ये एक मोसम, आणि परत येऊन रेक्याविकचाच वालुर क्लब. वालुरने १९८३ नंतर विजेतेपद पाहिलं नव्हतं. २०२२ मध्ये मिळालं, २०२४ मध्ये पुन्हा.

आता माझं. आमच्या क्लबात चौदा वर्षांखालच्या पोरांची बॅच तीन वर्षं माझ्याकडे होती. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी, दुसरी नुसतीच. थंडीत सकाळी सहाला पोरं स्वेटरवर बनियन चढवून यायची. सगळी उजव्या हाताची. डावीकडे मोकळी वाट असली तरी वळून उजवीकडूनच घुसायची. मी प्रत्येकाच्या उजव्या मुठीत एक टेनिस बॉल दिला आणि सांगितलं, हा सोडायचा नाही, लेअप (धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा बॉल) डाव्यानेच. पहिला आठवडा नुसता हशा. एक पोरगं तर टेनिस बॉलच रिंगमध्ये टाकून मोकळं झालं. दुसऱ्या महिन्यात मात्र तेच पोरगं डाव्या बाजूने असं निसटायला लागलं की समोरच्याला कळायच्या आत दोन गुण. त्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला गेलो. तीन गुणांनी हरलो, ते सोडा.

पुढच्या मोसमाच्या आधी सेक्रेटरींनी बोलावलं. "तू स्टेट खेळला काय? नाही न? मग पोरं तुझं काहून ऐकतील?" पोरं तीन वर्षं ऐकतच होती, पण हे तिथे बसून सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं. बॅच एका माजी राष्ट्रीय खेळाडूला दिली. तो खुर्ची टाकून बसायचा आणि त्याच्या काळी काय होतं ते सांगायचा. घरी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, सेक्रेटरी बरोबर आहेत. दादा स्वतः नॅशनल खेळलेला. आमच्यात तेव्हापासून हे चालू आहे.

नंतर मी नोकरीसाठी बर्लिनला गेलो. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे युरोबास्केटचे, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचे, सामने होते. तिकीट काढलं ते जर्मनीचा स्टार खेळाडू नोवित्झकीसाठी. त्याच दिवशी आइसलँड-तुर्कस्तानही होता, म्हटलं बघू. आइसलँड पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेला. अख्ख्या देशाची वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे अमरावती शहराच्या जेमतेम निम्मी, आणि गटात स्पेन, सर्बिया, इटली, जर्मनी, तुर्कस्तान. लोगी गुन्नारसनने अगदी शेवटी तीन गुणांचा मारला आणि सामना जादा वेळेत नेला. शेवटी १११-१०२ हरले, पाचही सामने हरले, आणि त्यांचे प्रेक्षक जिंकल्यासारखे गात होते. फिनूर तेव्हा बाकावर सहायक प्रशिक्षक होता, मुख्य प्रशिक्षक कॅनडाचा क्रेग पेडरसन. माझं अर्धं लक्ष त्या बाकाकडेच. "तू स्टेट खेळला काय," असं त्याला कुणी विचारलं असेल का, हाच विचार डोक्यात.

फिनूर एकटा नाही. इंगी थोर स्टाइनथोरसनने सन २००० मध्ये केआरला जिंकवलं, मग स्तिक्किशोल्मुर नावाच्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात स्नायफेल क्लबच्या पुरुषांना २०१० मध्ये आणि बायकांना २०१४ ते २०१६ सलग तीनदा. २०१९ मध्ये पुन्हा केआर, फिनूरच्या पाचानंतरचं सहावं. देश एवढा लहान की प्रशिक्षकाला मिळेल तो संघ घ्यावा लागतो, आणि त्यातूनच तो घडतो. आपल्याकडे चौदा वर्षांखालच्यांना शिकवणं म्हणजे नोकरी लागेपर्यंतचा टाइमपास.

कोर्सचं म्हणाल तर त्यांच्या महासंघाचे टप्प्याटप्प्याचे आहेत, आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा आहेच. करा. पण आधी एक बॅच घ्या. आणि जो क्लब पहिल्यांदा "तू कुठे खेळलास" विचारेल, तिथून उठा.

एक सांगायचं राहिलं, न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२३ ची फायनल फिनूर हरला. समोर तिंदास्तोल, उत्तरेच्या अडीच-तीन हजार वस्तीच्या गावचा संघ. फायनल म्हणजे पाच सामन्यांची मालिका, त्यातल्या पाचव्या सामन्यात वालुर दोन गुणांनी पुढे, काही सेकंद उरलेले, आणि तिंदास्तोलच्या खेळाडूला तीन फ्री थ्रो मिळाले. तिन्ही आत. ८२-८१. गावाचं पहिलं विजेतेपद. त्यांचा प्रशिक्षक होता पावेल एर्मोलिन्स्की, देशाकडून खेळलेला, केआर आणि वालुर दोन्हीकडे फिनूरच्याच हाताखाली खेळून जिंकलेला. म्हणजे नावाजलेला खेळाडूही उत्तम प्रशिक्षक होतो.

हे मीच उत्साहाने दादाला सांगितलं होतं. आता मी फिनूर म्हटलं की तो पावेल म्हणतो. मी म्हणतो, पावेलला शिकवलं कुणी? तो फोन वहिनीकडे देतो.