आभारात नको, संदर्भसूचीत लिहा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात माझी नोकरी झाली. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासायचे आणि त्यांचे शोधनिबंध नियतकालिकाकडे जाण्याआधी वाचायचे, हे तिथलं रोजचं काम. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न: पश्चिम घाटातल्या अतिवृष्टीवरचा माझा पहिला शोधनिबंध समीक्षकांकडून परत आला आहे. एकाने शेरा दिलाय, ‘वापरलेली सॉफ्टवेअर, त्यांच्या आवृत्त्या आणि संदर्भ द्या.’ मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक्सअरे, नमपाय आणि मॅटप्लॉटलिब या लायब्रऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच) वापरल्या, आणि फाइल्स जोडायला सीडीओ हे सॉफ्टवेअर. गाईड सर म्हणतात, ही सगळेच वापरतात, आभारात एक ओळ टाक आणि मोकळी हो. मॅडम, नेमकं काय करू?
– एक संशोधक विद्यार्थिनी, पाषाण

उत्तर: समीक्षकाचं म्हणणं रास्त आहे. ‘सगळेच वापरतात’ हे कारण मी फार वर्षं ऐकत आले. पावसाचे आकडे तू बहुधा सिमला ऑफिसचे, म्हणजे हवामान खात्याचे, घेतले असशील, पाव अंशाच्या चौकटींतले, १९०१पासूनचे रोजचे. मोसमी पावसावर काम करणारे तेही सगळेच वापरतात. म्हणून त्यांच्यासाठी ‘मौसम’ नियतकालिकातल्या २०१४च्या निबंधाचा संदर्भ कोणी गाळत नाही. आकड्यांना एक न्याय आणि त्या आकड्यांवर गणित करणाऱ्या साधनाला दुसरा, हे मला कधीच पटलं नाही.

आभारातल्या ओळीने काय बिघडतं ते सांगते. कोणाच्या कामाचा किती जणांनी आधार घेतला हे मोजणाऱ्या स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारख्या व्यवस्था संदर्भसूची वाचून हिशेब करतात. आभार, तळटीप किंवा ‘विश्लेषण पायथनमध्ये केले’ असं मजकुरातलं वाक्य त्या हिशेबात येत नाही. हॉविसन आणि बुलार्ड या अभ्यासकांनी जीवशास्त्रातले ९० शोधनिबंध तपासले होते. त्यांचा अहवाल २०१६चा. सॉफ्टवेअरचे जे उल्लेख सापडले, त्यातल्या ३१ ते ४३ टक्के उल्लेखांनाच रीतसर संदर्भ होता. बाकी नुसतं नाव, नाहीतर एखादी वेबसाइट.

आता अशी एखादी लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघ. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी विद्यार्थ्याने कळवलेली चूक शोधून दुरुस्त करायची, आणि हे बहुतेकदा स्वतःचं संशोधन सांभाळून. बढतीच्या मुलाखतीत किंवा अनुदानाच्या अर्जात ‘याचा उपयोग काय झाला’ असं विचारलं की त्याने काय दाखवायचं? हजारो लोकांनी वापरलेलं काम कागदावर शून्य दिसतं. मॅटप्लॉटलिब जॉन हंटरने लिहिलं. तो मेंदूवर संशोधन करायचा. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत नीट पाहता यावेत म्हणून त्याने हे साधन तयार केलं आणि सर्वांना खुलं केलं. २००७ साली त्यावर ‘कम्प्युटिंग इन सायन्स अँड इंजिनिअरिंग’मध्ये एक लहानसा निबंध लिहिला. २०१२ साली तो गेला. आपल्या प्रयोगशाळांच्या भिंतींवरच्या पोस्टरांतले कितीतरी आलेख त्याच्या कामावर उभे आहेत. तुझ्या सूचीत त्याचं नाव यायला एक ओळ लागते, आणि ती लिहायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण तुझ्या स्वतःच्या निबंधाचं आहे. २०१४ साली मिनेसोटातल्या रसायनशास्त्रज्ञांनी एका कार्यपद्धतीबरोबर पायथनचे काही छोटे प्रोग्रॅम प्रसिद्ध केले होते. रेणूंचे एनएमआर आकडे (ज्यांवरून रेणूची रचना ओळखतात) काढायला ते जगभर वापरले गेले. २०१९ साली हवाई विद्यापीठातल्या एका गटाच्या लक्षात आलं की तोच प्रोग्रॅम आणि त्याच फाइल्स वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळं उत्तर देतात. प्रोग्रॅम फोल्डरमधल्या फाइल्सची यादी मागायचा आणि ती क्रमानेच येईल असं धरून चालायचा. काही सिस्टिम ती क्रमाने देत, काही देत नसत. मग एका फाइलचे आकडे दुसऱ्या फाइलच्या आकड्यांशी जोडले जात, आणि पडद्यावर चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नसे. दुरुस्ती होती यादी क्रमाने लावण्याची, एका छोट्या आज्ञेची. पण तोवर शंभराहून जास्त निबंधांवर प्रश्नचिन्ह लागलं होतं. ज्यांनी मूळ कार्यपद्धतीचा संदर्भ दिला होता, त्यांचे निबंध शोधून पुन्हा तपासता येणं शक्य होतं. ज्यांनी ‘आमच्या प्रोग्रॅमने गणित केलं’ एवढंच लिहिलं असेल, त्यांना कोण आणि कसं शोधणार? उद्या एक्सअरेच्या एखाद्या आवृत्तीत सरासरी काढण्यात दोष सापडला, तर तुझा निबंध त्यात येतो की नाही हे वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळायला हवं.

आता प्रत्यक्ष काय लिहायचं. एक्सअरेसाठी हॉयर आणि हॅमन यांचा २०१७चा निबंध, नमपायसाठी हॅरिस आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधला २०२०चा, मॅटप्लॉटलिबसाठी हंटरचा २००७चा. सीडीओसाठी शुल्झवाइडा यांची वापरपुस्तिका झेनोडो या संशोधन साठवायच्या वेबसाइटवर आहे, तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, आहे, तो दे. हे सगळं संदर्भसूचीत. आवृत्तीचा क्रमांक कार्यपद्धतीच्या विभागात, साधनाच्या नावाला लागून. क्रमांक बघायला ‘कॉन्डा लिस्ट’ ही आज्ञा दे, पण जिथे गणित चालवलंस त्या संगणकावर. सर्व्हरवर चालवून लॅपटॉपवरची आवृत्ती लिहिणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ‘कॉन्डा लिस्ट’ची पूर्ण यादी पुरवणीत जोडलीस तर उत्तमच.

कुठे थांबायचं हाही प्रश्न येतो. ज्या साधनात बदल झाला तर तुझं उत्तर किंवा नकाशा बदलू शकतो, ते सूचीत घे. लिहायला वापरलेला एडिटर, ब्राउझर सोडून दे. ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव मजकुरात पुरे.

सरांशी वाद घालू नकोस. समीक्षकाने मागितलंय, म्हणून उत्तराच्या पत्रात ‘सूचनेप्रमाणे संदर्भ दिले आहेत’ असं लिही आणि मसुदा त्यांच्यापुढे ठेव. खगोलशास्त्राच्या मंडळींचा दाखलाही देता येईल. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकांत निबंधाच्या शेवटी ‘सॉफ्टवेअर’ अशी वेगळी ओळ असते. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरचा निबंध तिथे पाठवला की कासा, ॲस्ट्रोपाय ही नावं त्या ओळीत संदर्भासकट लिहायची सोय असते.

प्रश्न: मी कर्वे रोडवरच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पानांचं क्षेत्रफळ मोजायला आम्ही इमेजजे वापरतो आणि संख्याशास्त्रासाठी आर. दोन्ही विनामूल्य आहेत आणि लायसन्समध्ये संदर्भ देण्याची अट मला दिसली नाही. मग तो न दिल्यास नियमभंग होतो का?
– एक प्राध्यापक, पुणे

उत्तर: कायद्याचा भंग होत नाही. इमेजजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालं आणि ते सार्वजनिक मालकीचं आहे. आर ज्या जीपीएल लायसन्सखाली येतं, त्यात तर ‘वापराल तर संदर्भ द्या’ अशी जादा अट लेखकालाही घालता येत नाही. तो परवाना लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेच तसं स्पष्ट केलं आहे. पण एखाद्या जुन्या निबंधातली कल्पना घेतल्यावर आपण संदर्भ देतो, तोही कायद्याच्या धाकाने देत नाही. विद्यार्थ्यांना आपण जी शिस्त शिकवतो तीच इथे लागू आहे. काही साधनं स्वतःहून विनंती करतात. रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं ग्रोमॅक्स आपल्या लॉग फाइलमध्ये अधिकच्या चिन्हांची रांग काढून त्याखाली ‘कृपया हे वाचा आणि संदर्भ द्या’ असं छापतं आणि कुठला निबंध तेही सांगतं.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या माणसाची. स्कॅनरवर पान आणि शेजारी पट्टी ठेवायची, इमेजजेमध्ये पट्टीवरून प्रमाण ठरवायचं, मग उंबरठा (कुठल्या छटेपर्यंतचा ठिपका पानाचा धरायचा ती मर्यादा) लावून हिरवा भाग वेगळा काढायचा, हे तुम्ही करत असणार. तो उंबरठा ओत्सूच्या पद्धतीने आपोआप ठरवला की हाताने सरकवला, यावर पानाच्या कडेचे आणि शिरांजवळचे ठिपके आत येतात किंवा बाहेर जातात. दातेरी पानांत हा फरक डोळ्यांनाही दिसतो. ‘क्षेत्रफळ इमेजजेने मोजले’ एवढ्यावरून दुसऱ्या महाविद्यालयातला कोणी तुमचं मोजमाप पुन्हा करू शकणार नाही. आवृत्ती, उंबरठ्याची पद्धत आणि प्लगइन वापरलं असल्यास त्याचं नाव कार्यपद्धतीत लिहा. संदर्भ श्नायडर, रासबंड आणि एलिसिरी यांचा, ‘नेचर मेथड्स’, २०१२. फिजी हे इमेजजेचं वाढीव रूप वापरत असाल तर शिंडेलिन आणि सहकाऱ्यांचा, त्याच नियतकालिकातला आणि त्याच वर्षीचा.

आरचं काम सोपं आहे. आर उघडून ‘सायटेशन’ ही आज्ञा रिकाम्या कंसासह टाइप करा, तयार संदर्भ समोर येतो: आर कोअर टीम, वर्ष, आर फाउंडेशन, व्हिएन्ना. कंसात अवतरणचिन्हांत पॅकेजचं नाव घातलंत तर त्या पॅकेजचा येतो. हे एवढं एमएस्सीच्या प्रात्यक्षिकातच करून घ्या, मुलांच्या हाताला वळण लागेल.

प्रश्न: हिंजवडीत नोकरी करतो. वेताळ टेकडीवर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मित्रांसाठी सुट्टीच्या दिवशी एक पायथन टूल लिहिलं आणि गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवलं. अलीकडे एका शोधनिबंधात ते वापरलेलं दिसलं, पण तळटीपेत फक्त लिंक आहे, माझं नाव कुठेच नाही. वाईट वाटलं. मी काय करू शकतो?
– एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, बाणेर

उत्तर: वाईट वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या लेखकांना तुमचं नाव कुठे सापडणार होतं, ते आधी बघा. गिटहबवर पुष्कळांचं टोपणनाव असतं आणि संदर्भ कसा द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. तुमचंही तसं असेल तर आज संध्याकाळी दुरुस्त होईल. ‘सायटेशन डॉट सीएफएफ’ नावाची एक साधी मजकुराची फाइल प्रकल्पात ठेवा: टूलचं नाव, लेखकांची पूर्ण नावं, आवृत्ती, तारीख. गिटहब २०२१पासून ही फाइल ओळखतं आणि पानाच्या बाजूला संदर्भाची कळ दाखवतं, तिथून तयार नोंद उचलता येते. ज्या मित्रांनी कोडमध्ये किंवा चाचणीत मदत केली त्यांना विचारून त्यांचीही नावं घाला.

त्याआधी लायसन्सची फाइल आहे ना, ते तपासा. ती नसेल तर कोड नुसता डोळ्यांना दिसतो, वापरण्याचा किंवा बदलण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. आणि नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना लिहिलेला कोड, सुट्टीतला असला तरी, कंपनीचा धरण्याचं कलम काही करारांत असतं. असेल तर लेखी परवानगी घ्या, मगच पुढचं.

मग प्रकल्प झेनोडोला जोडा. झेनोडो २०१३पासून आहे, ते सर्न ही युरोपातली संस्था चालवते, पैसे पडत नाहीत. जोडून झाल्यावर गिटहबवर रिलीज काढली की त्या आवृत्तीची प्रत तिथे साठवली जाते आणि तिला डीओआय मिळतो. दोन क्रमांक दिसतील: एक त्या आवृत्तीचा, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. निबंधात पहिला द्यायचा असतो, हे रीडमी फाइलमध्ये ठळक लिहा. नुसत्या लिंकचा भरवसा नसतो. गिटहबसारखंच गूगल कोड २०१६ साली बंद झालं, तेव्हा अनेक निबंधांतल्या लिंका निकामी झाल्या.

टूल पुरेसं मोठं असेल, त्याला दस्तऐवज आणि चाचण्या असतील, तर ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’चा विचार जरूर करा. २०१६ साली सुरू झालेलं हे नियतकालिक लेखकाकडून शुल्क घेत नाही, निबंध छोटासाच लागतो आणि समीक्षा गिटहबवर सर्वांसमक्ष होते. समीक्षक टूल स्वतः बसवून चालवून बघतात, त्यामुळे ते सुधारतंही.

त्या लेखकांना मात्र आत्ताच लिहा. तक्रारीचा सूर नको. तुमच्या निबंधात आमचं टूल पाहून आनंद झाला, त्याचा संदर्भ आता असा देता येतो, पुढच्या लेखनात जमल्यास घ्यावा, एवढं पुरे. खाली तयार नोंद आणि डीओआय चिकटवा. आणि त्यांनी कोणती आवृत्ती वापरली तेही विचारून घ्या.