सोलापूरहून कारने रत्नागिरी, सोबत सहा वर्षांची मुलगी: एका दिवसात जावं की मुक्काम करावा?

मुक्काम करा, कोल्हापूरला. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर साधारण २३० ते २४० किलोमीटर, तिथून रत्नागिरी आणखी १३० च्या आसपास. मोठी माणसं एका दमात जातात, पण मग आंबा घाट दिवसाच्या शेवटी येतो. तोपर्यंत मूल कंटाळलेलं असतं आणि गाडी चालवणाराही.

खरी परीक्षा घाटाचीच. आपल्याकडच्या सरळसोट रस्त्यांवर वाढलेल्या पोरांना वळणांची सवय नसते. निघताना मिसळ-बिसळ नको (कोल्हापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण परतीच्या वाटेवर खा). कडक भाकरी, थोडी शेंगाचटणी, केळं, एवढंच द्या. घाटात काचा थोड्या उघड्या ठेवा, मोबाईल काढून घ्या, गाडी हळू चालवा. उलटीचं औषध द्यायचंच तर डोस डॉक्टरांना विचारून. पावसाळ्यात घाटात दाट धुकं असतं, त्यामुळे तो उजेडातच उतरा. साखरप्यानंतर हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला की रत्नागिरी जवळच.

तिथे लहान मुलांसाठी भाट्याचा किनारा बरा. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, वाळूत खेळा, पण समुद्रात उतरू नका, तिथे बुडण्याच्या घटना घडल्या आहेत. थिबा राजवाडा आपल्याला आवडतो, मुलांना मत्स्यालय. वेळ कमी असेल तर मुलीचं ऐका.

उन्हाळ्यात सोलापूर पहाटे पाचलाच सोडा.