स्कायडायव्हिंगची पहिली उडी मारताय? मग एवढंच लक्षात ठेवा

टँडम, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी आहे ना, मग पोटात गोळा येईल ही भीती सोडा, विमान आधीच वेगात असतं त्यामुळे आकाशपाळण्यासारखं होत नाही, वाऱ्यावर रेलल्यासारखं वाटतं. नवीन लोक दोन चुका हमखास करतात:

- श्वास रोखून धरतात. ताशी 200 किमीच्या वाऱ्यातही श्वास घेता येतो. नाहीच जमलं तर जोरात ओरडा, आपोआप सुरू होतो.
- सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघतात. फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडेपर्यंतचं पडणं, जेमतेम मिनिटभर, क्षितिजाकडे बघा.

खरी शांतता पॅराशूट उघडल्यावर. तो घोंघाट एकदम थांबतो, वर कापडाची बारीक फडफड तेवढी ऐकू येते आणि पाच-सहा मिनिटं आपण नुसते तरंगत असतो... माझे अजूनही डोळे भरतात तिथे. तेव्हा बोलत बसू नका.

उतरताना इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा पाय वर. बाकीचं नंतर.