वाचकांचे प्रश्न : जपानी सुरीचा कपचा का उडतो?

प्रश्न : माझ्या भाच्याने ओसाकाहून आणलेली जपानी सुरी पापलेट आणि बांगडा लोण्यासारखा कापते. परंतु पावसाळ्यात पात्यावर तांबूस डाग पडले आणि सुरमईचे डोके फोडताना धारेचा एक कपचा उडाला. अशी सुरी उत्तम प्रतीची म्हणावी का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अवश्य म्हणावी. आपण लिहिलेले दोन्ही दोष तिच्या गुणांच्याच पोटी आलेले दिसतात. पारंपरिक जपानी सुऱ्यांसाठी ‘शिरोगामी’ किंवा ‘आओगामी’ जातीचे पोलाद वापरतात. त्यात कर्बाचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, ते कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ६० किंवा त्याहून अधिक कठीण होते. युरोपीय पद्धतीच्या बहुतेक सुऱ्या ५५ ते ५८ वर थांबतात. कठीण पोलादावर अतिशय बारीक धार काढता येते आणि ती दीर्घकाळ टिकते. मात्र हाडावर आडवा ताण पडला की मऊ पाते वाकते तिथे हे तुटते. शिवाय गंज रोखण्याइतके क्रोमियम त्यात नसल्याने खारी हवा, आमसुलाचा आंबटपणा आणि ओले पाते यांपैकी काहीही त्याला सोसत नाही.

ओसाकाजवळच्या साकाई शहरात सुरी घडवणारा, धार काढणारा आणि मूठ बसवणारा हे बहुधा वेगवेगळे कारागीर असतात. लोहार मऊ लोखंडाला कठीण पोलाद तापवून जोडतो, त्यामुळे धार पोलादाची राहते आणि बाकीचे पाते धक्का सोसते. किमतीतला मोठा वाटा या हातकामाचा असतो, पात्यावरच्या नक्षीचा नव्हे. नुसती नक्षी पाहून सुरी घेणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

माशाचे डोके आणि कणा यांसाठी जपानात ‘देबा’ ही जाड पाठीची सुरी असते, तर ‘यानागिबा’ ही लांब, अरुंद सुरी केवळ काटे काढलेल्या मांसाचे पातळ काप करण्यासाठी असते. मोठ्या सुरमईच्या डोक्याला आणि नारळाला आपला कोयताच योग्य. नवी सुरी घ्यायची झाल्यास कोकणातल्या घरासाठी मी फुकुई प्रांतातील ताकेफू येथे तयार होणाऱ्या ‘व्हीजी-१०’ या गंजरोधक पोलादाची ‘सांतोकू’ ही रोजच्या सर्व कामांची सुरी सुचवीन.

सध्याची सुरी वापरून झाल्याबरोबर धुऊन कोरडी करावी. जपानात पात्याला कमेलियाच्या बियांचे तेल लावतात; आपल्याकडे खोबरेलाचा पुसट हात पुरे. कपचा काढण्यासाठी धारवाल्याच्या कोरड्या चाकावर ती मुळीच देऊ नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. आधी सुमारे ४०० आणि मग १००० नंबरच्या, पाण्यात भिजवलेल्या दगडावर ती पाजवावी. पाते एकाच बाजूने उतरते असेल, तर मागची बाजू दगडावर सपाट टेकवून केवळ उलटलेली कोर काढावी.