वाचकांचे प्रश्न : ईर्ष्येच्या सामन्यात यार्ड कसे मोजावेत?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलंबस येथे ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतो. त्याच्यामुळे दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होणारा ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन हा अमेरिकन फुटबॉलचा सामना आमच्या घरात जागून पाहिला जातो. आमच्या शेजारचा मुलगा मिशिगन विद्यापीठातून शिकून आला आहे, त्यामुळे दोघांच्या बोलण्यातून नेहमी एकच वाद उभा राहतो. या लढतीत चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची, म्हणजे रनिंग बॅकची, सर्वांत मोठी कामगिरी कोणती? भाचा कार्लोस हाइड आणि इझिकिएल इलियट यांची नावे घेतो, तर शेजारी बियाकाबुटुका आणि हस्किन्स यांची. हा निकाल केवळ यार्ड मोजून लावावा की आणखी काही पाहावे? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपण मंगळवार पेठेत राहता, म्हणजे ‘ईर्ष्या’ या शब्दाचा मैदानावरचा अर्थ आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ समोरासमोर आले की वर्षभरात दुसऱ्या कोणावर किती गोल केले याला त्या दिवशी किंमत उरत नाही, आणि त्या एका सामन्यात गोल करणाऱ्याचे नाव पेठेत पुढे कित्येक वर्षे घेतले जाते. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांची पहिली गाठ १८९७ साली पडली, १९१८ पासून ती दरवर्षी पडत आली आहे आणि करोनाच्या साथीमुळे २०२० साली तेवढा एक खंड पडला. तिथेही मोजमाप असेच आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की यात चेंडू हातात धरून पळायचे असते, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते आणि एक यार्ड म्हणजे तीन फूट. रनिंग बॅक हा क्वार्टरबॅककडून, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूकडून, चेंडू घेतो आणि अकरा जणांच्या बचावफळीत शिरतो. कबड्डीतील चढाईची आठवण ठेवली तर त्याच्या कामाचे स्वरूप लवकर ध्यानात येते.

आता आकडे. आपण दिलेली नावे आणि त्यांच्या जोडीला नेहमी घेतली जाणारी आणखी काही नावे एकत्र केली, तर मिशिगनच्या टिम बियाकाबुटुका याचे १९९५ सालचे ३१३ यार्ड सर्वांच्या पुढे आहेत. त्यानंतर ओहायो स्टेटच्या कार्लोस हाइडचे २०१३ सालचे २२६, ख्रिस वेल्सचे २००७ सालचे २२२, मिशिगनच्या डोनोव्हन एडवर्ड्‌सचे २०२२ सालचे २१६, इलियटचे २०१५ सालचे २१४ आणि जे. के. डॉबिन्सचे २०१९ सालचे २११ यार्ड येतात. हसन हस्किन्सने २०२१ साली १६९ यार्ड मिळवले, म्हणून केवळ यार्ड मोजले तर तो या यादीच्या तळाशी जातो. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकावर असला पाहिजे. त्याची कारणे सांगण्यापूर्वी पहिल्या क्रमांकाविषयी बोलणे आवश्यक आहे, कारण तिथे मला कोणतीही शंका नाही.

१९९५ साली ओहायो स्टेटचा संघ अकरापैकी अकरा सामने जिंकून, देशात दुसऱ्या क्रमांकाचा संघ म्हणून अ‍ॅन आर्बर येथे, म्हणजे मिशिगनच्या मैदानावर, आला होता. त्यांच्याकडे एडी जॉर्ज होता, आणि त्याच वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. मिशिगनने तोवर तीन सामने गमावले होते. अशा दिवशी किन्शासा येथे जन्मलेल्या आणि कॅनडात माँट्रियलच्या परिसरात वाढलेल्या बियाकाबुटुकाने ३७ वेळा चेंडू घेतला आणि ३१३ यार्ड, म्हणजे सुमारे २८६ मीटर अंतर, त्या अपराजित बचावफळीतून काढले. समोर एडी जॉर्जला १०४ यार्ड मिळाले. ही कामगिरी वाईट नव्हती, परंतु त्या दिवशी ती झाकोळून गेली. मिशिगनने सामना ३१-२३ असा जिंकला आणि ओहायो स्टेटची रोझ बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याची वाट बंद होऊन तो मान नॉर्थवेस्टर्नला मिळाला. बियाकाबुटुकाची सरासरी प्रत्येक धावेमागे जवळजवळ साडेआठ यार्ड पडते. एका मोठ्या धावेने सरासरी फुगते हे खरे असले, तरी ३७ वेळा चेंडू घेतल्यानंतरही ती इतकी उंच राहते तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. त्या सामन्यात त्याच्या नावावर टचडाऊन (चेंडू घेऊन समोरची गोलरेषा ओलांडणे, त्याचे सहा गुण मिळतात) मात्र एकच आहे, आणि ज्यांना केवळ गुण मोजायचे असतात ते हेच बोट धरून बसतात. मला तो आक्षेप पटत नाही, कारण शेवटचे एक-दोन यार्ड कोणी ओलांडले यापेक्षा चेंडू तिथपर्यंत कोणी आणला हे अधिक महत्त्वाचे आहे. खासबागेच्या मैदानात बसलेला जाणकार जसा मल्लाने वर्षभरात किती कुस्त्या मारल्या एवढेच न विचारता कोणाशी मारल्या हे विचारतो, तसे येथे विचारले तर उत्तर स्पष्ट आहे. समोर त्या वर्षीचा अपराजित संघ होता, आणि त्याच्या बाजूला त्या वर्षीचा हाइझमन विजेता होता.

हस्किन्सचा सामना वेगळ्या कारणाने मोठा ठरतो. २०११ नंतर मिशिगनने ओहायो स्टेटला एकदाही हरवले नव्हते, २०१२ ते २०१९ असे सलग आठ पराभव त्यांच्या पदरी होते आणि प्रशिक्षक जिम हार्बो यांनी त्यांपैकी पाच पाहिले होते. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी अ‍ॅन आर्बर येथे पडत्या बर्फात मध्यंतराला मिशिगन १४-१३ असा जेमतेम एका गुणाने पुढे होता. त्यानंतर मिशिगनने आणखी चार टचडाऊन केले आणि चारही हस्किन्सने केले. पूर्वार्धातील एक धरून त्याचे पाच टचडाऊन झाले, आणि सामना ४२-२७ असा संपला. २८ धावांत १६९ यार्ड ही संख्या डोळ्यांत भरणारी नाही, परंतु उत्तरार्धात मैदानावरच्या प्रत्येकाला चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असताना तो पुन्हा पुन्हा चार-पाच यार्ड पुढे जात राहिला. समोरच्याला डाव माहीत असूनही तो डाव बसतो, याला मी बळ म्हणतो.

एडवर्ड्‌सची २०२२ सालची कामगिरी पाहायला अधिक सुंदर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. संघाचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम गुडघ्याच्या दुखापतीमुळे दोनच धावा करून बाहेर बसला होता, एडवर्ड्‌सच्या स्वतःच्या दुखऱ्या हातालाही जाड आवरण होते, आणि तरीही चौथ्या सत्रात त्याने आधी ७५ आणि मग ८५ यार्डांची अशा दोन धावांत थेट टचडाऊन केले. कोलंबसच्या लाखभर प्रेक्षकांसमोर मिशिगनने ४५-२३ असा विजय मिळवला. परंतु थोडा हिशेब करून पाहा. त्याच्या २२ धावांतील २१६ यार्डांमधून या दोन धावांचे १६० यार्ड वजा केले की उरलेल्या वीस धावांना ५६ यार्ड उरतात, म्हणजे एका धावेला तीन यार्डही नाहीत. शिवाय पहिली मोठी धाव निघाली तेव्हा मिशिगन ३१-२३ असा आघाडीवर होता आणि ती आघाडी मुख्यतः लांबच्या पासवर, म्हणजे हाताने दूर फेकलेल्या चेंडूवर, उभी राहिली होती. एडवर्ड्‌सने सामन्यावर शिक्कामोर्तब केले, हस्किन्सने सामना ओढून आणला. म्हणून माझ्या यादीत हस्किन्स वर आहे.

आपल्या भाच्याचे म्हणणेही गंभीरपणे घेण्यासारखे आहे. हाइडचा २०१३ सालचा सामना ४२-४१ असा सुटला. अखेरच्या क्षणी टचडाऊन केल्यावर मिशिगनने एक गुण घेऊन बरोबरी करण्याऐवजी दोन गुणांसाठी जाऊन विजयाचा प्रयत्न केला आणि तो पास अडवला गेला. एका गुणाच्या अशा सामन्यात २७ धावांत मिळवलेला प्रत्येक यार्ड कामी आलेला असतो. इलियटची २०१५ सालची कथा मनाला भिडणारी आहे. आदल्याच आठवड्यात मिशिगन स्टेट या दुसऱ्याच विद्यापीठाविरुद्ध त्याला फक्त १२ वेळा चेंडू मिळाला, संघ १७-१४ असा हरला आणि त्याने आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. पुढच्या शनिवारी अ‍ॅन आर्बर येथे त्याला ३० वेळा चेंडू दिला गेला, त्याने २१४ यार्ड आणि दोन टचडाऊन मिळवले आणि संघ ४२-१३ असा जिंकला. डॉबिन्सने २०१९ साली ५६-२७ अशा विजयात चार टचडाऊन केले. तरीही ओहायो स्टेटच्या बाजूने एकच निवडायचा झाला तर मी वेल्सला निवडेन. २००७ साली अ‍ॅन आर्बर येथे पावसात खेळला गेलेला तो सामना १४-३ असा संपला, त्या चौदा गुणांची दोन्ही टचडाऊन वेल्सची होती, आणि ओल्या चेंडूने पासचा खेळ जवळजवळ थांबलेला असताना त्याने ३९ वेळा अंगावर मार घेतला. हाइडच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या बचावफळ्या खिंडार पडल्यासारख्या उघड्या होत्या. वेल्सच्या सामन्यात पुढे सरकणारा जणू तो एकटाच होता.

तेव्हा माझा क्रम बियाकाबुटुका, हस्किन्स, वेल्स असा आहे. चौथ्या जागेसाठी एडवर्ड्‌स आणि हाइड यांच्यात आपण घरी वाद चालू ठेवायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनला हाइझमन करंडक दोनदा मिळाला होता. मग मिशिगनविरुद्धच्या मोठ्या कामगिरीची चर्चा होताना त्याचे नाव मागे का पडते? आणि त्याच्याही आधीच्या खेळाडूंचे काय? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : गुरुजी, आपला प्रश्न अतिशय योग्य आहे. १९७४ आणि १९७५ असे दोन हाइझमन मिळवणारा ग्रिफिन हा आजवरचा एकमेव खेळाडू आहे, आणि त्याच्या चार वर्षांत ओहायो स्टेट मिशिगनकडून एकदाही हरला नाही. तीन विजय आणि एक बरोबरी, असा तो हिशेब आहे. ती बरोबरी १९७३ सालची, १०-१० अशी. त्या सामन्यात ग्रिफिनने १६३ यार्ड मिळवले, आणि बरोबरीनंतर रोझ बोलला कोणी जायचे याचा निर्णय बिग टेन या दोन्ही संघांच्या साखळीतील क्रीडासंचालकांच्या मतदानाने ओहायो स्टेटच्या बाजूने लागला. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज आणि मिशिगनचे बो शेंबेकलर हे दोघे १९६९ ते १९७८ अशी दहा वर्षे एकमेकांसमोर उभे होते. त्या काळात दोन्ही संघ प्रामुख्याने धावण्यावरच खेळत आणि त्यामुळे दोन्ही बचावफळ्याही धाव अडवण्यातच तयार झालेल्या असत. त्या काळातले १६३ यार्ड आजच्या दोनशेंपेक्षा मला हलके वाटत नाहीत.

१९७५ साली तर मिशिगनने ग्रिफिनला ४६ यार्डांवर रोखले आणि सलग ३१ सामन्यांत शंभर यार्डांची मर्यादा ओलांडण्याचा त्याचा क्रम तिथेच तुटला. तरीही ओहायो स्टेटने तो सामना २१-१४ असा जिंकला. बरोबरी झालेली असताना निर्णायक पास अडवून चेंडू गोलरेषेजवळ आणणारा खेळाडू होता रे ग्रिफिन, आर्चीचा धाकटा भाऊ, आणि तिथून टचडाऊन केले पीट जॉन्सनने. बचावफळीचे सारे लक्ष एका खेळाडूने बांधून ठेवल्यामुळे इतरांना वाट मोकळी होते, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना मैदानावर अनेकदा दाखवली असेल. तिची नोंद आकड्यांत होत नाही, म्हणूनच ग्रिफिन अशा याद्यांत मागे पडतो.

त्याच्या आधीच्यांपैकी मिशिगनच्या टॉम हार्मनचे नाव घ्यावेच लागते. १९४० साली कोलंबस येथे मिशिगनने ४०-० असा विजय मिळवला तेव्हा हार्मन धावला, त्याने पास दिले, प्रतिस्पर्ध्याचे पास अडवले आणि चेंडूला लाथाही मारल्या. सामना संपताना ओहायो स्टेटच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे कौतुक केले. त्या वर्षीचा हाइझमन त्यालाच मिळाला. परंतु तेव्हा एकच खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्ही करीत असे, त्यामुळे त्याला आजच्या रनिंग बॅकच्या रांगेत उभे करणे मला योग्य वाटत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गावात मिळालेला असा मान मी स्वतंत्रच ठेवतो.

प्रश्न : मी कबड्डी खेळते. चढाई करताना मी एकटी असते, पण या खेळात धावणाऱ्याच्या पुढे त्याचेच सहकारी वाट करून देत असतात. मग श्रेय नक्की कोणाचे? (कागल)

उत्तर : आपण नेमका फरक हेरला आहे. चेंडू ज्याच्याकडून सुरू होतो तो सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेरचे दोन टॅकल, अशी पाच जणांची आघाडीची रांग समोरच्यांना ढकलून फट तयार करते. धावणाऱ्याला ती फट क्षणभरच मिळते. साधारणपणे पहिले तीन-चार यार्ड रांगेचे आणि त्यापुढचे धावणाऱ्याचे, असे मी मानतो. देशातील सर्वोत्तम रांगेला दिला जाणारा जो मूर पुरस्कार २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षे मिशिगनच्याच रांगेला मिळाला, म्हणजे हस्किन्स आणि एडवर्ड्‌स हे दोघेही त्या पुरस्कारप्राप्त रांगांच्या मागून धावत होते. त्या सामन्यांचे चित्रण आपल्याला पाहायला मिळाले तर पहिल्यांदा चेंडूकडे न पाहता केवळ त्या पाच जणांच्या पायांकडे पाहावे, आणि मग तीच धाव पुन्हा लावून हस्किन्स धक्का बसल्यानंतर किती पावले पुढे जातो ते मोजावे.