पाचवी पोरगी कुठून आणायची? ‘बांबू ब्लेड’वर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एका ओळीत ‘बांबू ब्लेड’ या जपानी अॅनिमे म्हणजे कार्टून मालिकेचं नाव घेतलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम तिलाच देतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त लांबलेले थोडे कापले.

ताई, कॉलेजात एकजण म्हणाला शाळेतल्या पोरींच्या तलवारबाजीची कॉमेडी आहे, बघ. नेमका विषय काय आहे? आणि किती मोठी आहे, कारण माझी सेमिस्टर तोंडावर आलीय. – एक विद्यार्थी, राजारामपुरी

26 एपिसोड आहेत, प्रत्येक साधारण 24 मिनिटांचा, त्यामुळं परीक्षा होऊ दे आणि मग निवांत बघ. 2007 च्या ऑक्टोबरपासून 2008 च्या एप्रिलपर्यंत टीव्ही टोकियोवर लागायची. मूळ मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आहे, गोष्ट मासाहिरो तोत्सुका यांची आणि चित्रं आगुरी इगाराशी यांची.

विषय असा की मुरोए हायस्कूलमध्ये तोराजी इशिदा नावाचे एक सर आहेत, सगळे त्यांना कोजिरो म्हणतात, केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीनं खेळायची जपानी तलवारबाजी शिकवतात आणि खिसा कायम रिकामा, महिनाअखेर आली की पोटाला नीट मिळत नाही अशी अवस्था. त्यांचा जुना सिनियर दुसऱ्या शाळेत केंडोचा कोच आहे आणि त्याच्या वडिलांचं सुशीचं हॉटेल आहे. दोघांची पैज लागते, तुझ्या पाच पोरी विरुद्ध माझ्या पाच पोरी, तू जिंकलास तर वर्षभर सुशी फुकट. आता आपल्याकडं कुणी म्हणालं की वर्षभर तांबडा-पांढरा फुकट तर माणूस काय काय करंल, तसंच ते. पण अडचण ही की सरांकडं पाच पोरी आहेतच कुठं? कॅप्टन किरिनो तेवढी मनापासून येते, बाकी डोजो, म्हणजे त्यांची तालीम, रिकामा. म्हणजे मालिकेची सुरुवात तलवारीनं होत नाही, माणसं गोळा करण्यानं होते, आणि मला ती आवडली ती ह्याच्यासाठीच.

मग एकेक जण येते. तामाकी कावाझोए, सगळे तामा-चान म्हणतात, उंचीनं एवढीशी, आवाज तर ऐकायलाच येत नाही, पण वडिलांचा घरचाच डोजो असल्यानं लहानपणापासून हातात शिनाई म्हणजे केंडोची बांबूची तलवार, आणि खेळायला उभी राहिली की समोरच्याला काय झालं ते कळायच्या आत पॉइंट गेलेला. गंमत म्हणजे तिला केंडोचं काही कौतुकच नाही, झाडलोट करावी, भांडी घासावी तसं ते घरचं एक काम. तिचा जीव आहे तो ‘ब्लेड ब्रेव्हर’ ह्या टीव्हीवरच्या हिरोंच्या मालिकेत, न्याय म्हणजे काय, वाईटाशी कसं लढायचं हे सगळं ती तिथून शिकलीय आणि ते ती अगदी खरं मानते. मियाको दिसायला देखणी, गोड बोलणारी, बॉयफ्रेंड आला म्हणून आली, पण काठीनं दुसऱ्याला हाणायला मिळतं म्हटल्यावर तिचा आत दडलेला राग असा बाहेर येतो की तो चेहरा बघूनच हसू फुटतं. सायाको म्हणजे वारं, आज हे उद्या ते, मनात आलं की गायब आणि मनात आलं की परत हजर. आणि सगळ्यात शेवटी येते ती सातोरी आझुमा. तिच्याबद्दल खाली बोलतेच, कारण माझ्या मते ही मालिका तिच्यासाठीच बघावी.

नमस्कार ताई. माझी मुलगी नववीत आहे, ही मालिका बघून दिवसभर हॉलमध्ये केरसुणीचा दांडा फिरवत असते, परवा ट्यूबलाइट फुटली. हे चिडलेत, म्हणतात बंद कर सगळं, पुढच्या वर्षी दहावी आहे. मी काय करू? – एक आई, मंगळवार पेठ

वहिनी, आधी दांडा हॉलमधून बाहेर काढा, ट्यूबची काच डोळ्यात गेली असती तर काय केलं असतं, ह्या बाबतीत तुमच्या मिस्टरांचं बरोबरच आहे. पण सगळं बंद करू नका.

आता आझुमाची गोष्ट सांगते. ती आधीपासून केंडो खेळणारी, हात चांगला तयार, पण कमालीची वेंधळी. वस्तू विसरते, धडपडते, आणि अभ्यासात तर एवढी मागं की तिनं स्वतःच ठरवलेलं असतं, केंडो सोडायचा आणि फक्त अभ्यास करायचा. सोडून मार्क वाढले का, तर तसंही काही नाही. म्हणजे खेळही गेला आणि अभ्यासही हाताला लागला नाही, अशी मधल्यामध्ये लटकलेली पोरगी. आणि हिलाच पाचवी म्हणून बाकीच्या चौघी घ्यायला येतात. मी त्या भागात रडले. कारण हे आपल्या घराघरात चाललंय, नववी संपली की क्लासची बॅच लागते आणि ग्राउंड बंद, आणि ते वर्षभरासाठी म्हणून बंद केलेलं ग्राउंड पुन्हा कधी उघडत नाही.

मी स्वतः पेठेतल्या तालमीत लाठी शिकले. आम्ही मुली सुरुवातीला सात होतो, एकीची दहावी, एकीच्या घरी नको म्हणाले, एकीचं घर उपनगरात गेलं, असं करत करत तिघी उरलो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमची मुलींची लाठी होणार होती, महिनाभर रोज संध्याकाळी सराव केला, पायाचे तळवे सोलले होते, आणि आदल्या दिवशी ज्यांचं नियोजन होतं ते म्हणाले तीन पोरींचा काय खेळ दिसतोय, राहू द्या. हलगी वाजत होती, पोरं फिरवत होती आणि आम्ही तिघी कडेला उभ्या, हातात लाठी घेऊन. आज पंचवीस वर्षं होतील, ते तसंच आठवतं. त्यामुळं वहिनी, तुमच्या मुलीला आठवड्यात दोन संध्याकाळ तरी खेळायला मोकळ्या ठेवा, दहावीत सुद्धा. सकाळच्या बॅचला घाला, तास ठरवून द्या, मोबाइल काढून घ्या हवं तर, पण खेळ आणि मैत्रिणी राहू द्या. मिस्टरांना सांगा आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियन गेम्समध्ये पिस्तुलात गोल्ड मारलं, भारताच्या महिला नेमबाजांमधलं ते पहिलं. आणि तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली. ह्याही कुणाच्या तरी घरच्या मुलीच होत्या ना.

त्या मारताना एवढ्या ओरडतात का? आमच्या घरी आवाज कमी करून बघावं लागतं. – फुलेवाडी

ओरडल्याशिवाय पॉइंट नाही म्हणून. जिथं मारलं त्या जागेचं नाव घ्यायचं असतं, डोक्याला मेन, मनगटाला कोते, बरगडीला दो, आणि गळ्याकडं टोचलं तर त्सुकी. नुसतं लागलं म्हणजे झालं नाही. आवाज, शिनाईचा योग्य भाग आणि पाय, तिन्ही एका क्षणात यायला लागतात, आणि मारून झाल्यावर सुद्धा सावध राहावं लागतं, त्याला झानशिन म्हणतात. तीन पंच असतात, लाल आणि पांढरं निशाण घेऊन, दोघांनी वर केलं की पॉइंट. आणि हे मला फार आवडतं, पॉइंट मिळाला म्हणून मूठ वगैरे उंचावून आनंद दाखवला तर दिलेला पॉइंट काढून घेऊ शकतात. आपल्याकडं क्रिकेटवाल्यांना हे सांगून बघा.

ताई मी आणि माझी मैत्रीण दोघी अकरावीला आहोत, आम्ही ऑनलाइन दोन शिनाई मागवायच्या म्हणतोय, टेरेसवर प्रॅक्टिस करू, बाकीचं किट लई महाग आहे. चालेल ना? – कसबा बावडा

एकेकटीनं हवेत फिरवायला चालेल. एकमेकींवर मारायला अजिबात नाही, हे मी मोठी बहीण म्हणून सांगतेय आणि ह्यात मला वाद नकोय.

शिनाई म्हणजे खेळणं नाही. बांबूच्या चार कामट्या एकत्र धरलेल्या असतात, टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामड्याचं आवरण, मध्ये एक चामड्याची पट्टी बांधलेली आणि पाठीवरून टोकापासून मुठीपर्यंत एक ताणलेली दोरी. ती दोरी ज्या बाजूला ती तलवारीची पाठ, मारायचं ते उलट्या बाजूनं. हायस्कूलच्या मुलींना जास्तीत जास्त 117 सेंटीमीटर लांब आणि कमीत कमी 420 ग्रॅम वजनाची लागते, मुलांना त्याच लांबीची पण 480 ग्रॅमची. आता 420 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण एवढ्या लांब बांबूचं टोक जोरात डोक्यात आलं की काय होतं ते समजून घे. म्हणून तर डोक्याला जाळीचं मेन, हाताला कोते, छातीला दो आणि कमरेला तारे असतं, ह्या सगळ्याला मिळून बोगू म्हणतात.

आणि दुसरी भीती त्याहून मोठी. बांबूला वापरून वापरून कुसळं निघतात. तसं एखादं कुसळ निघालेली किंवा कामटी चिरलेली शिनाई मेनच्या जाळीतून सरळ डोळ्यात जाऊ शकते, म्हणून केंडोवाले खेळायच्या आधी दर वेळी शिनाई उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवून बघतात, कुसळ दिसलं तर तासून पॉलिश पेपरनं घासतात, कामटी चिरली असंल तर ती बाजूलाच. जाळी असतानाही ही भीती, आणि तुम्ही दोघी टेरेसवर उघड्या तोंडानं उभ्या राहणार होता. आधी शिकवणारा माणूस शोधा. चांगला शिकवणारा पहिले काही महिने पाय आणि पकडच घेईल. पहिल्याच दिवशी समोरासमोर मारामारी करायला लावत असंल तर तिथून निघून या.

आपल्या मर्दानी खेळापुढं हे जपानी काय टिकणार ओ? आमच्या तालमीतली पोरगी पट्ट्यानं लिंबू कापती. – शिवाजी पेठ

कापते, आणि बघताना अंगावर काटा येतो. पण हे एकमेकांसमोर उभं करून बघण्यात मजा नाही. आपलं फरी-गदगा बघा, डाव्या हातात फरी म्हणजे छोटी ढाल, उजव्यात चामडं चढवलेली काठी, समोरासमोर दोघं. मग केंडो बघा. तिकडं पण हत्यार बाजूला ठेवून त्याच्या जागी असं काहीतरी आणलं की ज्यानं जोरात मारता येईल पण माणूस मरणार नाही. विचार अगदी सख्ख्या भावासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यात असताना तिकडं केंडोवर बंदी आली होती, 1952 मध्ये त्यांचं अखिल जपान फेडरेशन उभं राहिलं आणि त्यांनी तो खेळ परत शाळाशाळांत नेला. नियम एकसारखे, पंच एकसारखे, शाळेची टीम, जिल्ह्याची टीम. 1970 पासून तर वर्ल्ड चॅम्पियनशिप होते. आपल्याकडं वस्ताद आहेत, पोरं आहेत, हलगी-घुमकं-कैताळ आहे, खेळ तर असा की जगानं बघावा, पण वर्षातनं ठरावीक दिवशी दाखवायचा कार्यक्रम म्हणूनच तो उरत चाललाय, ह्याचं मला खूप वाईट वाटतं. तुमच्या तालमीतली ती पोरगी अजून येते ना? तिच्या जोडीला कोण आहे तेवढं कळवा.

सेकंड सिझन कधी? – बरेच जण

मालिका 26 व्या एपिसोडला संपते. मांगा 2004 पासून 2010 पर्यंत ‘यंग गांगान’ या जपानी नियतकालिकात चालला, 14 खंड आहेत, म्हणजे मालिका संपल्यावरही दोन वर्षं गोष्ट पुढं चालू होती. ज्यांना हुरहूर लागलीय त्यांनी तिकडं वळा.

मी करवीर तालुक्यात एका शाळेत पीटीची शिक्षिका आहे. मुलींनी मालिका बघून लाठीचं पथक करायचं ठरवलं, यादीत अकरा नावं आली, आता मैदानावर तिघी येतात. त्यातली एक खूपच चांगली आहे. तिघींवर पथक कसं उभं करू?

मॅडम, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

केंडोच्या टीममध्ये पाच जागा असतात आणि पाचींना नावं आहेत, सेनपो, जिहो, चुकेन, फुकुशो, ताइशो. एकामागून एक पाच लढती, ज्यांच्या जास्त जिंकल्या ती टीम पुढं. आता तामा-चान कितीही भारी असली तरी ती एकच लढत जिंकू शकते. जागा रिकामी राहिली तर ती लढत समोरच्याला दोन-शून्यनं जाते. म्हणजे जगातली सगळ्यात चांगली खेळाडू आणि चार रिकाम्या जागा, टीम हरली. उलट नवखी मियाको, जिला धड पकड जमत नाही, ती नुसती उभी राहून न हरता बरोबरीत सुटली तरी टीमला जीव येतो. मालिकेत हे कुणी भाषण करून सांगत नाही, पण किरिनो पहिल्यापासून हेच करत असते, ती सगळ्यात चांगली खेळाडू नाही, पण कोण आलं नाही, का आलं नाही, कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला माहीत असतं.

म्हणून त्या चांगल्या मुलीवर सगळी मेहनत घालू नका, ती तशीही करणारच आहे. राहिलेल्या आठ जणींच्या घरी जा. घरी म्हणजे खरंच घरी, फोनवर नको, आणि एकट्या जाऊ नका, त्या तिघींना सोबत घ्या. बहुतेक ठिकाणी कारण एसटीची वेळ निघंल, किंवा धाकट्या भावाला कोण बघणार हे निघंल, किंवा अंधार पडतो म्हणून आई नको म्हणते हे निघंल. सराव संध्याकाळऐवजी सकाळी शाळा भरायच्या आधी घेतलात तर त्यातल्या दोघी-तिघी नक्की परत येतील. आणि वेंधळी कुणी असंल ना, जिची लाठी सारखी हातातनं पडते, तिला मुद्दाम आणा.

पाच झाल्या की मला पत्र टाका, तारीख कळवा. मी बघायला येते, माझी जुनी लाठी अजून माळ्यावर आहे, ती पण घेऊन येते.